पोट लहान झालं, जीभ कोल्हापुरीच
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या जेवणाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला 'माझी वाटचाल' या विषयावर १० मिनिटं दिली आहेत. माझी वाटचाल दोन वाक्यांत संपते. कोल्हापुरातून इंजिनिअरिंगला सांगलीला गेले. गेली २४ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. उरलेल्या वेळात मी खाण्याबद्दल बोलणार आहे, कारण सकाळपासून मला आलेले सगळे प्रश्न त्याबद्दलच आहेत. पहिला प्रश्न, "केवढी बारीक झालीस, काय केलंस?" आणि उत्तर ऐकल्यावर, आवाज खाली आणून, दुसरा, "मग आता तांबडा रस्सा बंद?"

उत्तर माईकवरूनच देते, म्हणजे कुणाला कुजबुजायला नको. २०२२ साली माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. आणि तांबडा रस्सा बंद नाही.

ही शस्त्रक्रिया मी हौसेनं केली नाही. माझ्या वडिलांना मधुमेह होता. शेवटची तीन वर्षं त्यांची डायलिसिसवर गेली, हे तुमच्यातल्या काहींनी पाहिलंय. मला ३६ व्या वर्षी मधुमेह निघाला आणि वजन होतं ११८ किलो. चालणं, डाएट, गोळ्या हे सगळं सुरूच होतं. १० किलो जायचे, १२ परत यायचे. शेवटी दोन डॉक्टरांचं मत घेऊन मी निर्णय घेतला. आज वजन ७६ आहे आणि साखर गोळीशिवाय आटोक्यात आहे. सगळ्यांचीच अशी येते असं नाही, म्हणून तपासणी आजही चालू आहे.

माझ्या शस्त्रक्रियेचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा जवळपास ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तोही त्यात जातो. त्यामुळे नुसतं कमी मावतं असं नाही, भूकही कमी लागते. दुसरी प्रचलित शस्त्रक्रिया म्हणजे बायपास. तीत जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. "पोटाला टाके घातलेत, मग मिरची लागून ते उसवत नाहीत का?" असं मला आपल्यातल्याच एकानं विचारलं. कापलेली कड भरून यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यासाठीच पथ्य कडक असतं.

माझ्या पथ्याचा क्रम असा होता. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: गाळलेलं सूप, पातळ ताक, प्रोटीन पावडर. मग दोन आठवडे घोटलेलं वरण, मिक्सरमधून काढलेल्या भाज्या. मग मऊ खिचडी, अंडं, पनीर. माझ्या सर्जनांनी तिखटाला पहिले तीन महिने मनाई केली होती. प्रत्येक डॉक्टरांचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांच्याच डॉक्टरांचं ऐका, माझं नको.

ते तीन महिने जिरं, हिंग, हळद, धने आणि आलं यांवर काढले. कोल्हापूरच्या माणसाला हे वनवासासारखं वाटेल. पण मला एक गोष्ट नव्यानं कळली. ज्या मिरचीवर आपण एवढा हक्क सांगतो, ती मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. त्याआधीचे आपले पूर्वज मिरी आणि पिंपळीवर तिखटाची हौस भागवत होते. म्हणजे आपली जीभसुद्धा हे शिकलेलीच आहे. शिकलेलं पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकता येतं, हे या शाळेनंच आपल्याला पटवलंय, काहींना तर दोन-दोनदा.

तिखट ही चव नाहीच, हेही तेव्हाच वाचलं. मिरचीतलं कॅप्सेसिन हे उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला जागं करतं आणि मेंदूला वाटतं की भाजलं. या संवेदकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही, दह्यानं होतं. आमच्यासारख्यांना तर जेवताना पाणी चालतच नाही. जेवणाआधी आणि नंतर साधारण अर्धा तास थांबावं लागतं. त्यामुळे माझ्या ताटात दह्याची वाटी कायम असते.

चौथ्या महिन्यात तिखट सुरू केलं, ते आमच्या धंद्याच्या पद्धतीनं. प्रोग्रॅममध्ये बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. मी एक तक्ता केला: तारीख, पदार्थ, किती चमचे, कोणती मिरची, तेल किती, आणि दोन तासांनी कसं वाटलं. आधी ब्याडगी, कारण तिला रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. आठवड्यानं थोडी संकेश्वरी. मग दह्यात कालवलेला चिमूटभर ठेचा. असे पाच महिने.

तक्ता पाहिल्यावर मला स्वतःलाच नवल वाटलं. मिरचीच्या रकान्यात फार थोड्या तक्रारी होत्या. बहुतेक तक्रारी तेलाच्या, घाईच्या आणि रात्री उशिराच्या जेवणाच्या होत्या. मिसळीतली मटकी मला छान पचते. तर्री मी वरून काढून टाकते. पाव घशाखाली जाऊन अडकल्यासारखा होतो, म्हणून तो नाही. मटणाचे दोन मऊ तुकडे आधी, मग अर्धी वाटी तांबडा रस्सा, तोही घोट घोट.

खरा धोका दुसरीकडेच आहे. आपलं तिखट बहुतेक वेळा तळणाचा हात धरून येतं: भजी, वडा, शेव, फरसाण. हे कुरकुरीत पदार्थ लहान पोटातूनही सहज खाली उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही आणि वजन पुन्हा चढतं. भाकरी आणि मटणाला जे पोट "बस" म्हणतं, ते फरसाणाला म्हणत नाही. गोडाचंही तसंच. बायपास झालेल्यांना जास्त साखर खाल्ली की घाम फुटतो, धडधडतं, पोटात कळ येते. स्लीव्हवाल्यांनाही कधी कधी तसं होतं. तेव्हा आज मला रश्श्याची काळजी नाही, बासुंदीची आहे.

काही गोष्टी मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्ताचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. तसं असेल तर तिखट थांबवून डॉक्टरांकडे जायचं. अंगदुखीच्या काही गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेनसारख्या, विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. बायपासवाल्यांना त्यांनी आणि सिगारेटनं अल्सर होऊ शकतो. सतत उलटी, काळी शौच, न थांबणारं पोटदुखणं, यांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं. म्हणून कुणी याला 'शॉर्टकट' म्हटलं की मला हसू येतं. असा जन्मभर चालायचा शॉर्टकट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते वेगळंच. माझी आई दर उन्हाळ्यात डंकावरून चटणी करून आणते आणि मला पुण्याला बरणी पाठवते. शस्त्रक्रियेनंतरच्या उन्हाळ्यात बरणी आली नाही. आई काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. तिला वाटत होतं, आता लेकीला आपल्या हातचं चालणार नाही. मला वाटत होतं, तिला माझा राग आलाय. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी तो तक्ता छापून नेला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावून रकाना न् रकाना वाचला आणि म्हणाली, "लवंगी कुठं लिवलीच नाहीस." पुढच्या उन्हाळ्यात दोन बरण्या आल्या. एकीवर चिठ्ठी होती, 'जावईबापूंची', दुसरीवर माझं नाव. माझ्या बरणीत सगळी ब्याडगी आणि लसूण दुप्पट.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. "अगं, एवढंसंच?" "माझ्यासाठी एक घास." या आग्रहामागचं मन मला कळतं. पण माझ्या पोटात तो एक घास खरंच मावत नाही. तो घेतला तर मला पंगतीतून उठून बेसिनकडे जावं लागतं. काही जण उलट करतात. आधीच ठरवतात की हिला आता काही चालत नाही, आणि जेवायला बोलावणंच सोडून देतात. माझ्या आईसारखंच, मायेपोटी. त्या दोहोंत मला दुसरं जास्त लागतं.

या सभागृहात आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे-मागे आहोत. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाच्या हृदयात स्टेंट. प्रत्येकाच्या ताटात काहीतरी कमी झालेलं आहे आणि प्रत्येकजण ते लपवून जेवतोय. आज नका लपवू. काय चालतं ते शेजारच्याला सांगा, आणि शेजाऱ्यानं तेवढंच वाढा.

माझं सांगते. दोन तुकडे, अर्धी वाटी तांबडा, एक वाटी दही, आणि ४० मिनिटं. तुमची दुसरी वाढणी होईपर्यंत मी पहिलीच संपवत असेन, तेव्हा उठायची घाई करू नका. ज्यांना शस्त्रक्रियेबद्दल खाजगीत काही विचारायचं असेल, त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची धरावी. बाई, तुम्ही मात्र समोर बसा. डबा संपला की नाही हे बघायची तुमची सवय अजून गेलेली नसणार.