सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा ऑपरेटर : त्याची विद्या आणि त्याचा आधार

(नभोवाणी-भाषण)

पहाटे शहरातील नळ सुटतात. अंघोळी होतात, भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात आणि वापरलेले पाणी मोरीतून दिसेनासे होते. दिसेनाशा झालेल्या वस्तूचा विचार करण्याची गृहस्थाला सवय नसते. वस्तुतः ते पाणी कोठेच नाहीसे झालेले नसते. भुयारी गटारातून वाहत वाहत काही तासांनी ते शुद्धीकरण केंद्राच्या दाराशी येते. इंदूरचे कबीटखेडी, हैदराबादचे अंबरपेठ, पणजीचे टोंक येथील केंद्रे त्या त्या गावच्या लोकांना नावाने तरी ठाऊक असतात. परंतु तेथे रात्रपाळीला जागणारा माणूस कोण, हे क्वचितच कोणी सांगू शकेल. त्याला ऑपरेटर म्हणतात. तो नेमके काय करतो, ते कोठे शिकतो आणि अडचण आली म्हणजे कोणाला विचारतो, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

हे प्रश्न किरकोळ नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी होते सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे केंद्रे कमी आहेत हे तर खरेच, पण जी बांधली त्यांचीही एकतृतीयांशाहून अधिक शक्ती वापराविना पडून होती. याची कारणे अनेक आहेत. कोठे गटारे जोडलेली नसतात, कोठे वीज नसते, कोठे सुटे भाग मिळत नाहीत. परंतु आणखी एक कारण असे की, केंद्र बांधण्यास पैसा लागतो, पण ते चालविण्यास जाणता माणूस लागतो, आणि तो निविदा काढून विकत मिळत नाही.

केंद्र चालविणे म्हणजे नुसती बटणे दाबणे नव्हे, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराजवळ डेव्हीहुल्म येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे रसायनज्ञ काम करीत होते. त्यांना गिल्बर्ट फाउलर यांचे मार्गदर्शन होते. हेच फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले. आर्डर्न व लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यातून हवा खेळविली. पहिल्या खेपेस पाणी पुरते शुद्ध होण्यास पाच आठवडे लागले. पाच आठवडे कोणते शहर थांबेल? परंतु त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळ पाणी ओतून टाकले आणि तळाशी बसलेला गाळ मात्र टाकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी घातले. प्रत्येक खेपेस गाळ वाढत गेला आणि वेळ कमी होत गेला. अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. त्या गाळाला त्यांनी सक्रिय गाळ असे नाव दिले. आज जगातील असंख्य केंद्रे याच तत्त्वावर चालतात.

तो गाळ सक्रिय का? कारण तो सजीव आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीवाणू असतात आणि सांडपाण्यातील घाण हेच त्यांचे अन्न असते. म्हणून ऑपरेटर हा जितका यंत्रचालक, तितकाच एक प्रकारचा गोठा राखणारा असतो. गोठ्यातील जनावरांना वैरण, वारा व पाणी योग्य प्रमाणात लागते आणि जनावरे अति झाली तरी पंचाईत, कमी झाली तरी पंचाईत. तद्वत् येथेही आहे. टाकीतील पाण्यात विरघळलेला प्राणवायू साधारणपणे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास राखावा लागतो. केंद्राच्या विजेचा फार मोठा वाटा ही हवा पुरविणाऱ्या ब्लोअरवर खर्च होतो. वीजबिल वाचविण्यासाठी कोणी ब्लोअर फार वेळ बंद ठेवला, तर बिल उतरते, पण टाकीतील जीव गुदमरतात आणि सारे केंद्र काही दिवस आजारी पडते.

या गोठ्याची प्रकृती पाहण्याचे एक अगदी सोपे साधन आहे. टाकीतील एक लिटर मिश्रण काचेच्या मोजपात्रात घ्यावे व अर्धा तास स्वस्थ ठेवावे. गाळ खाली बसतो. समजा तो ३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आला आणि त्या एका लिटरात कोरड्या गाळाचे वजन ३ ग्रॅम भरले. ३०० ला ३ ने भागले की १०० येतात. हा आकडा चांगल्या प्रकृतीचा होय. तोच गाळ ६०० च्या खुणेवरच अडून राहिला तर आकडा २०० येतो. याचा अर्थ असा की, गाळात तंतूंसारखे वाढणारे जीवाणू माजले असून तो फुगला आहे. आता तो निवळण टाकीत नीट बसणार नाही आणि शुद्ध पाण्याबरोबर नदीत वाहून जाईल. अशा वेळी हवा कमी पडते आहे काय, आलेले सांडपाणी वाटेतच सडलेले आहे काय, एखाद्या कारखान्याचे पाणी गटारात सोडले गेले आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो.

येथे अनुभवाची खरी परीक्षा होते. निवळण टाकीत गाळ वर आलेला दिसला की नवखा माणूस म्हणतो, गाळ फुगला. पण जाणता ऑपरेटर मोजपात्राकडे पाहतो. गाळ आधी झपाट्याने खाली बसला आणि तासा-दोन तासांनी बुडबुड्यांसह त्याचे गोळे वर आले, तर तो फुगलेला नव्हे. तो तळाशी फार वेळ पडून राहिल्यामुळे त्यात नायट्रोजन वायू तयार झाला व त्याने गाळ वर उचलला. त्याला उपाय म्हणजे तळाचा गाळ अधिक लवकर काढून घेणे. फेसाचेही तसेच. टाकीवर पांढरा, साबणासारखा फेस आला तर बहुधा गाळ कोवळा व थोडा असतो आणि तो काढून टाकणे कमी करावे लागते. गडद तपकिरी, तेलकट, दाट साय आली तर गाळ बहुधा जुना व अति झालेला असतो आणि तो अधिक काढावा लागतो. दोन्ही वेळा दिसतो तो फेसच, पण उपाय परस्परविरुद्ध. चुकीचा उपाय केला तर दुखणे बळावते.

आता ही विद्या ऑपरेटर कोठे शिकतो? अनेकदा तो पूर्वी पंपावर असतो, किंवा वायरमन वा फिटर असतो. पाळीवर आल्यावर आधीचा माणूस त्याला चार झडपा दाखवितो आणि निघून जातो. तेवढाच त्याचा गुरुमंत्र. इतर देशांत या उणिवेवर लोकांनी कशी मात केली, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत सांडपाण्याचे काम करणाऱ्यांच्या संघांचा महासंघ १९२८ सालीच स्थापन झाला आणि तो आजही कार्य करीत आहे. त्याच्या वार्षिक मेळाव्यात ऑपरेटरांच्या तुकड्या नळ जोडणे, पंप दुरुस्त करणे, प्रयोगशाळेतील चाचणी करणे आणि अडकलेल्या सहकाऱ्याची सुटका करणे अशा कामांत स्पर्धा करतात. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील विद्यापीठात केनेथ केरी या प्राध्यापकांनी ऑपरेटरांसाठी घरी बसून शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची पुस्तके प्रत्यक्ष केंद्रे चालविणाऱ्या माणसांच्या साहाय्याने लिहिली गेली. भाषा सोपी, आकडेमोड पायरीपायरीने सोडविलेली, प्रत्येक पाठाअंती प्रश्न. ज्याला दिवसा शाळेत जाता येत नाही, अशा पाळीवरच्या माणसाच्या सोयीने ती रचलेली आहेत. तेथील राज्यांत परीक्षा देऊन, इयत्तेप्रमाणे परवाना मिळविल्यावाचून मोठ्या केंद्राची जबाबदारी मिळत नाही.

भारतात काहीच नाही, असे मात्र नाही. नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था स्थापन झाली. तीच आज ‘नीरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाने २०१३ साली मलनिःसारणाविषयीचा तीन भागांचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील दुसरा भाग केंद्र चालविणे व त्याची निगा राखणे यालाच वाहिलेला आहे. परंतु तो इंग्रजीत आहे आणि अभियंत्याच्या कपाटात असतो. ज्याने टाकीवर उभे राहून निर्णय घ्यावयाचा, त्याच्या हाती तो पोहोचत नाही. मराठी असो, हिंदी, कानडी, तेलुगू वा गुजराती असो, त्या माणसाच्या भाषेत त्याचा सारांश झाला पाहिजे. मोजपात्रात असे दिसले तर हे करा, फेस या रंगाचा असेल तर ते करा, असा एक तक्ता जरी केंद्राच्या भिंतीवर लागला, तरी रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या माणसाला तो सोबत देईल. आणि ज्या गोष्टीचे उत्तर तक्त्यात नाही, त्यासाठी जवळच्या शहरातील एखाद्या अनुभवी ऑपरेटराचा क्रमांक त्याच तक्त्याखाली असावा. बेळगावच्या माणसाने पणजीच्या माणसाला विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

याहून मोठी हानी आणखी एका गोष्टीने होते. पुष्कळ केंद्रे ठेक्याने चालतात. ठेक्याची मुदत संपते, ठेकेदार बदलतो आणि कधी कधी त्याच्याबरोबर सारी माणसेही बदलतात. पावसाळ्यात पाणी किती वाढते, कोणत्या महिन्यात गाळ फुगतो, कोणता पंप कशाने अडतो, हे सारे ज्ञान जुन्या माणसांबरोबर दाराबाहेर जाते. नव्या माणसाला पुन्हा पहिल्या बाटलीपासून प्रारंभ करावा लागतो. मँचेस्टरच्या त्या दोघांनी शिकविलेला धडा हाच नव्हे काय? तळाशी साचलेले टाकून दिले तर पाच आठवडे लागतात आणि ते जपले तर एक दिवस पुरतो. केंद्राची नोंदवही म्हणजे त्या केंद्राचा सक्रिय गाळ होय. रोजचे आकडे खरे लिहावेत, बिघाड व त्यावर केलेला उपाय लिहावा, आणि ठेका बदलला तरी वही केंद्रातच राहावी. जुन्या माणसाने नव्या माणसाबरोबर काही आठवडे काम करावे, अशी अट ठेक्यातच घालता येण्यासारखी आहे. आकडे खोटे लिहावयास लावणारा वरिष्ठ हा तर उद्याच्या ऑपरेटराचे डोळे काढून घेतो.

शेवटी जिवाचा प्रश्न आहे. सांडपाणी सडले की हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण होतो. तो हवेहून जड असल्यामुळे खोल चेंबरमध्ये व विहिरीत साचतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही येतो. परंतु हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटते की, वायू गेला. प्रमाण त्याच्या कित्येक पटींनी वाढले तर माणूस क्षणात कोसळतो. म्हणून नाकावर विश्वास ठेवू नये. वायुमापक बाहेरूनच दोरीने सोडून वर, मध्ये व तळाशी हवा तपासावी, पंख्याने ताजी हवा भरावी, उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा व दोर असावा आणि वर उभ्या असलेल्या माणसाने काहीही झाले तरी आत उडी घेऊ नये. ही शेवटची सूचना कठोर वाटते. पण अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली दाखवून दिले की, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचविण्यासाठी आत गेलेली होती. एकाच्या मागोमाग त्याचा भाऊ, भावामागोमाग मित्र, हे चित्र भारतातील वृत्तपत्रांच्या वाचकांना नवे नाही.

भारतात २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून गटारात वा मैलाटाकीत माणूस उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. पण भरपाई मिळते ती विधवेला. वायुमापक, पट्टा व दोर मिळाले तर ती विधवाच होत नाही. धनुर्वाताची लस, कामाचे वेगळे कपडे, साबण व स्नानाची सोय यांना तर फारसा खर्चही लागत नाही.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. संत गाडगेबाबांनी गावोगावचे रस्ते झाडले. दुसऱ्याची घाण दूर करणाऱ्याचे हात पवित्र असतात, हे सर्व धर्मांना मान्य आहे आणि व्यासपीठावरून ते वारंवार सांगितलेही जाते. परंतु ऑपरेटराला या गौरवापेक्षा काही साध्या वस्तूंची अधिक निकड आहे : त्याच्या भाषेतील पुस्तक, अडचणीत विचारण्यासारखा वडीलधारा सहकारी, खरे आकडे लिहिता येतील अशी नोंदवही, आणि संध्याकाळी घरी परतण्याची हमी. प्रत्येक नगरपालिकेतील सदस्याने वर्षातून एकदा आपल्या शहराच्या केंद्रावर जावे आणि या चार वस्तू तेथे आहेत काय, एवढेच विचारावे. त्याच केंद्रातून सुटणारे पाणी खालच्या गावाच्या नदीत जाते आणि त्या गावातही पहाटे नळ सुटतात.