दुर्बिणीद्वारे पचनसंस्थेच्या शस्त्रक्रिया : समज, गैरसमज आणि सावधगिरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पोटाची शस्त्रक्रिया म्हटली की आजही अनेक घरांतून चिंतेचे वातावरण पसरते. एक पिढी मागे गेले तर ही चिंता निराधार नव्हती. पित्ताशय काढण्यासाठी उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे, रुग्णाला आठवडाभर रुग्णालयात राहावे लागे आणि दुकान, शेत किंवा स्वयंपाकघर पुन्हा हाती घेण्यास महिना-दीड महिना जाई. आज त्याच विकारासाठी अर्धा ते एक सेंटीमीटरची तीन-चार छिद्रे पुरतात आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. हे परिवर्तन कसे घडले आणि त्याचा लाभ घेताना कोणती सावधगिरी बाळगावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

शरीराच्या आत डोकावण्याची कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीतील गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आतील अवयव पाहिले. स्वीडनमधील याकोबेउस यांनी १९१० मध्ये मनुष्यावर हा प्रयोग केला. परंतु पाहणे वेगळे आणि शस्त्रक्रिया करणे वेगळे. जर्मनीतीलच कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढले तेव्हा त्यांना सहकाऱ्यांच्या कडाडून विरोधास तोंड द्यावे लागले. एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये प्रथमच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. त्यांच्याही वाट्याला आरंभी अविश्वासच आला. पुढे १९९२ मध्ये त्याच देशातील शल्यचिकित्सकांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला. फ्रान्समधील मूरे यांच्या १९८७ मधील शस्त्रक्रियेनंतर मात्र ही पद्धती जगभर पसरली.

या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मानाचे आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला. त्या काळी आपल्याकडे सीटी स्कॅन नव्हता. पोटाचा क्षयरोग, यकृताचे विकार, पोटात साठलेले पाणी यांचे नेमके कारण शोधण्यासाठी अनेकदा पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. दुर्बिणीने तो मोठा छेद टळू लागला. त्याच जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये भारतातील पहिले पित्ताशय दुर्बिणीद्वारे काढण्यात आले आणि काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ही शस्त्रक्रिया केली. हा आरंभ खासगी पंचतारांकित रुग्णालयात न होता गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात झाला, ही बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला लवकर कामावर परतण्याची गरज सर्वाधिक असते. म्हणून ही पद्धती श्रीमंतांपेक्षा गरिबांच्या अधिक उपयोगाची आहे, असा डॉ. उडवाडिया यांचा आग्रह राहिला. भारत सरकारने त्यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णाला पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळील लहान छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोटाची भिंत वर उचलली जाऊन आत काम करण्यास जागा मिळते. हाच वायू निवडण्याचे कारण असे की तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यातून आतील दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते आणि अन्य छिद्रांतून लांब, बारीक उपकरणे घालून काम केले जाते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तेव्हा रुग्ण घाबरतात. वायूमुळे श्वासपटलाला झालेल्या त्रासाची ती वेदना असते व ती आपोआप शमते.

पित्ताशय आणि अपेंडिक्स यांच्याखेरीज हर्निया, जठरातील आम्ल वर येण्याचा जुनाट विकार, आतड्यांचे अडथळे अशा अनेक विकारांवर ही पद्धती वापरली जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती सुरक्षित आहे काय, ही शंका दीर्घकाळ होती. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासाने, अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींत कर्करोग उलटण्याचे प्रमाण सारखेच असल्याचे दाखविले.

पित्ताशयातील खडे

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय ते तयार करीत नाही. केवळ साठवते, घट्ट करते आणि स्निग्ध अन्न पोटात गेले की आकुंचन पावून आतड्यात सोडते. पित्ताशय काढल्यास पचन कायमचे बिघडेल, ही भीती म्हणूनच अनाठायी आहे. पित्त थेट आतड्यात उतरत राहते. काहींना काही दिवस पातळ शौचास होते, इतकेच. मुतखड्याप्रमाणे पित्ताचे खडे पाणी पिऊन पडत नाहीत. फक्त खडे काढून पित्ताशय ठेवले तर त्यात पुन्हा खडे होण्याचा संभव असतो.

मात्र प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया लागत नाही. सोनोग्राफीत योगायोगाने आढळलेल्या आणि काहीही त्रास न देणाऱ्या खड्यांवर बहुधा लक्ष ठेवणे पुरते. याउलट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे जाणारी कळ, थंडी वाजून ताप किंवा कावीळ असेल तर विलंब घातक ठरतो. खडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते आणि स्वादुपिंडाला सूज आली तर प्राणावर बेतू शकते. घरगुती काढे घेत, लग्नसराई उरकू द्या, दिवाळी होऊ द्या असे म्हणत ज्या रुग्णांनी महिने घालविले, त्यांची सोपी शस्त्रक्रिया पुढे अवघड झाल्याची उदाहरणे प्रत्येक शल्यचिकित्सकाला ठाऊक असतात.

उपवास आणि आहार

शुद्ध शाकाहार करणाऱ्यास पित्ताचे खडे होत नाहीत, ही समजूत बरोबर नाही. शाकाहाराचे अनेक लाभ असले तरी तुपकट-गोड पदार्थ, बैठे काम, वाढते वजन, मधुमेह आणि आनुवंशिकता यांचा परिणाम शाकाहारी व्यक्तीवरही होतो. त्याचप्रमाणे दीर्घ तपस्येविषयी एक वैद्यकीय वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे. पोटात अन्न न गेल्यास पित्ताशय आकुंचन पावत नाही. पित्त साचून घट्ट होते. वजन झपाट्याने घटल्यास पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाणही वाढते. या दोन्हींमुळे खडे होण्याचा संभव वाढतो. याचा अर्थ तपस्या करू नये असा नाही. पण ज्यांना खडे असल्याचे ठाऊक आहे, ज्यांना पूर्वी कळ येऊन गेली आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी अठ्ठाई अथवा मासखमणाचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. पारणे तुपकट पदार्थांनी न करता हलक्या आहाराने करावे.

सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्यांनी तसे शल्यचिकित्सकास आधीच सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा शक्य तेथे जुळविता येतात. पोटातील जखमेसाठी वापरला जाणारा कॅटगट हा धागा मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून होतो. त्याऐवजी शरीरात विरघळणारे कृत्रिम धागे आज सर्वत्र मिळतात. कॅप्सूलचे जिलेटिन आणि रक्त पातळ करणारे हेपॅरिन हेही प्राणिजन्य असतात. यांबाबत पर्याय आहे काय, हे शस्त्रक्रियेपूर्वी शांतपणे विचारावे. प्राणसंकटाच्या घटकेला मात्र हा प्रश्न उपचार थांबविण्याचे कारण होऊ नये.

मर्यादा आणि दक्षता

छिद्र लहान असले तरी शस्त्रक्रिया मोठीच असते. या पद्धतीच्या आरंभीच्या वर्षांत पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक होते. त्यातून धडा घेऊन १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी, कापण्यापूर्वी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्वच्छ दिसल्याची खात्री करून घेण्याचा दंडक मांडला आणि तो जगभर स्वीकारला गेला. आत फार सूज असेल, रचना ओळखू येत नसतील, तर पोट उघडण्याचा निर्णय घेणे हे अपयश नसून शहाणपण आहे. नातेवाइकांनी त्याबद्दल डॉक्टरांना दोष देऊ नये. घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठणारी नाशिकची अनेक कुटुंबे ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत. आज गजपंथाच्या यात्रेकरूंना परिचित असलेल्या म्हसरूळ परिसरातच १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया नाशिक शहरात नित्याची झाली आहे. तथापि सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरून येणाऱ्या मजुराला अंतर आणि खर्च आजही जड जातात. राज्य शासनाची आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिची कागदपत्रे वेळीच तयार नसल्याने अनेकांचे उपचार अडतात. सेवाभावी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी अशा रुग्णाचे अर्ज भरून देणे, सोनोग्राफीचा खर्च उचलणे, रुग्णाच्या सोबत्याची राहण्या-जेवण्याची सोय करणे, एवढे केले तरी एखाद्या घरातील कमावता माणूस महिनाभर अंथरुणास खिळण्याऐवजी आठवडाभरात हिंडू-फिरू लागेल आणि लवकरच पुन्हा कामावर उभा राहील.

विज्ञानाने छेद लहान केला आहे. विलंब आणि भीती कमी करणे हे मात्र रुग्णाच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि समाजाच्या हाती आहे.