समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते काय?



नदीचे पाणी समुद्रात जाऊन वाया जाते, हे वाक्य गावच्या पारावर, शेतकरी मेळाव्यात आणि शासकीय बैठकीत इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते खरे आहे किंवा नाही हे तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. श्रावणात डोळ्यांदेखत लोंढे वाहून जातात आणि चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात हा विचार यावा हे स्वाभाविकच होय. तथापि नदी म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी नव्हे. ती एक जिवंत साखळी आहे. या साखळीचे शेवटचे टोक तुटले, तर त्याचा हिसका पहिल्या टोकापर्यंत पोहोचतो. तापी नदी हे त्याचे जवळचे उदाहरण होय.

तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरत शहराच्या पुढे खंबायतच्या आखातात समुद्रास मिळते. तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यापैकी जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात, म्हणजे खानदेश आणि पश्चिम वऱ्हाडात येतो; गुजरातचा वाटा सर्वांत लहान आहे. म्हणून सुरतेजवळ नदीचे काय होते, हा केवळ सुरतकरांचा प्रश्न नाही. शिवाय भुसावळ–सुरत लोहमार्गाने गेलेली खानदेशातील पुष्कळ कुटुंबे आज उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेली आहेत. उगमाकडील आणि मुखाकडील माणसे कित्येकदा एकाच घरातील असतात.

जीवसंहती म्हणजे काय?

पृथ्वीवर हवामान, पाऊस आणि जमीन यांच्या मेळातून वनस्पती व प्राणी यांचे मोठमोठे समुदाय तयार झाले आहेत. त्यांना जीवसंहती असे म्हणतात. विषुववृत्ताजवळची सदाहरित वने, पानझडी वने, गवताळ प्रदेश, वाळवंटे, सूचिपर्णी अरण्ये आणि ध्रुवाजवळचा टुंड्रा हे जमिनीवरील मुख्य प्रकार होत. पाण्यातही असेच विभाग आहेत : नद्या, सरोवरे, दलदली, खाड्या, प्रवाळभित्ती आणि खुला समुद्र. त्यांतील एखाद्या ठिकाणचे सजीव आणि त्यांच्या भोवतालचे माती, पाणी, हवा मिळून जी व्यवस्था चालते, तिला परिसंस्था असे नाव आहे.

गोड्या पाण्याचे नद्या-सरोवरे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात. परंतु ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे दहा टक्के जाती त्यांच्या आश्रयाने राहतात. इतक्या लहान जागेवर इतक्या जिवांचा संसार असल्यामुळे तेथे मानवाचा हात लागला की हानी लवकर होते. तापी आपल्या एका प्रवासात पानझडी वन, माळरान, शेतजमीन, जलाशय, खाडी आणि समुद्र अशा अनेक परिसंस्थांना एकत्र गुंफते.

डोंगरातील वन

मेळघाटातील सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्या तापीला मिळतात. हे सागवानाचे शुष्क पानझडी वन आहे आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश झाला. पानझडी वनातील पाचोळा जमिनीवर कुजतो, माती भुसभुशीत करतो आणि पावसाचे पाणी मुरवितो. मुरलेले पाणी पुढे हिवाळ्यात झऱ्यांच्या रूपाने नदीला मिळते. झाड तोडले की हेच पाणी मातीसह एकदम खाली धावते. पूर मोठा येतो आणि उन्हाळी प्रवाह आटतो. एकाच कृतीची ही दोन फळे आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा हा लहान घुबडाच्या जातीचा पक्षी पुन्हा आढळला. १८८४ नंतर त्याचे खात्रीलायक दर्शन कोणास झालेले नव्हते आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा हा पक्षी शतकाहून अधिक काळ तग धरून राहिला, याचे कारण तेथे थोडे तरी जुने वन शिल्लक होते. वन संपूर्ण गेले असते, तर शोध घेण्यास काहीच उरले नसते.

खोऱ्यातील शेती आणि धरणे

डोंगर उतरल्यावर खानदेशची गाळाची काळी जमीन लागते. येथील मूळचे माळ आणि झुडपी रान शेतीखाली गेले. कापूस आणि केळी यांनी या भागास समृद्धी दिली, हे निर्विवाद आहे. परंतु रावेर–यावल परिसरात केळीसाठी झालेल्या उपशामुळे भूजलाची पातळी खोल गेली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असल्याने पिण्यास व सिंचनास अपुरे पडते. खालच्या अंगाला काकरापार आणि उकाईच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला. तेथे अतिपाण्याने काही जमिनी पाणथळ व क्षारयुक्त झाल्या. एकाच नदीच्या काठी कोठे पाण्याची टंचाई, तर कोठे त्याचा अतिरेक, असे हे चित्र आहे.

वाहत्या पाण्यावर भिंत बांधली की नदीचे तळे होते. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. म्हणजे धरणाने सर्व काही नष्ट होते असे नव्हे. एक परिसंस्था जाते आणि दुसरी येते. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण तर तापीवरील सर्वांत मोठे होय. त्याच्या पाण्याखाली गुजरातमधील आणि महाराष्ट्राच्या सीमेवरील शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. विस्थापितांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना नांगर सोडून जाळे हाती घ्यावे लागले. या धरणाने वीज दिली, दक्षिण गुजरातची शेती भिजविली आणि नेहमीचे पूर आवरले. हे लाभ मोजताना त्याची किंमत कोणी चुकविली, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

सुरतेजवळची खाडी

सुरत हे नाव महाराष्ट्रास छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्यांमुळे परिचित आहे. त्या काळी हे पश्चिम किनाऱ्यावरील अत्यंत श्रीमंत बंदर होते. तथापि तेव्हाही मोठी जहाजे नदीत शिरत नसत. ती सुवाळीजवळ समुद्रात नांगर टाकीत. तापीच्या मुखाशी गाळ साचणे ही नवी गोष्ट नाही. नवी गोष्ट ही की, तो गाळ झाडून काढणारा प्रवाहच आता क्षीण झाला आहे.

खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भारतात सर्वाधिक असून काही ठिकाणी तो दहा मीटरांवर जातो. भरतीचे पाणी समुद्रातील गाळ घेऊन खाडीत चढते. वरून येणाऱ्या नदीच्या प्रवाहात जोर असेल, तर तो गाळ पुन्हा बाहेर ढकलला जातो. जोर नसेल, तर पात्र उथळ होत जाते. सुरतेला पिण्याचे गोडे पाणी साठविता यावे आणि खारे पाणी वर चढू नये, म्हणून सिंगणपूर येथे १९९५ मध्ये बंधारा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार ४४ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या शहरास त्याची गरज होती. परंतु बंधाऱ्याच्या वर पाणी संथ झाले, सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी फोफावली. आणि बंधाऱ्याच्या खाली उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी व गाळ यांचेच राज्य राहिले.

खाडी ही मासळीची पाळणाघरे आहेत. गोडे व खारे पाणी जेथे मिसळते, तेथे कोळंबी आणि अनेक माशांची पिले वाढतात. तिवरांची मुळे चिखलात त्यांना आसरा देतात आणि लाटांचा मारा सोसून किनाराही राखतात. कांदळवनांच्या क्षेत्रात गुजरातचा क्रमांक देशात पश्चिम बंगालच्या खालोखाल दुसरा लागतो. २०२३ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार ते सुमारे १,१६० चौरस किलोमीटर आहे. मात्र हजिऱ्यासारख्या ठिकाणी बंदर आणि कारखाने यांना हाच किनारा हवा असतो. हिलसा मासा समुद्रात वाढतो, पण अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर वरच्या भागात हा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. बंधाऱ्यापाशी अडलेल्या माशाला नकाशावरील प्रांतांच्या सीमा समजत नाहीत.

दुर्लक्षाचा दंड

ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि उकाईतून सुमारे नऊ लाख घनफूट दर सेकंदास इतके पाणी सोडावे लागले. सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. सिंचनासाठी धरण भरलेले हवे आणि पुरासाठी रिकामे हवे, हा पेच कोणत्याही मोठ्या धरणापुढे असतोच. त्यात लहान पूर येईनासे झाल्यामुळे लोक नदीच्या अंगणात निर्धास्तपणे घरे बांधतात. गाळाने पात्र उथळ, बांधकामाने ते अरुंद. मग मोठा पूर येतो तेव्हा पाण्याने जावे तरी कोठे? समुद्रास जाणारे जे पाणी वाया गेले असे म्हटले जाते, तेच पात्र मोकळे ठेवण्याचे काम करीत होते.

त्यापूर्वी सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. पावसाचे साचलेले पाणी, कुजणारा कचरा आणि उंदीर यांचा संबंध तेव्हा साऱ्या देशास कळला.

जगातील अनुभवही हेच सांगतो. मध्य आशियातील अरल समुद्र हे एके काळी जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. १९६० नंतर त्यास मिळणाऱ्या अमुदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविण्यात आले. पाणी मागे हटले, मासेमारी बुडाली, होड्या वाळूत रुतून पडल्या आणि उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ माणसांच्या छातीत गेली. उलट लंडनची थेम्स नदी १९५७ मध्ये जीवशास्त्रदृष्ट्या मृत ठरविण्यात आली होती. सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर नेटाने काम झाले आणि १९७४ मध्ये तिच्यात सॅमन मासा पुन्हा सापडला. मेलेली नदी जिवंत होऊ शकते. मात्र आटलेली नदी जिवंत करणे फार कठीण.

करावयाचे काम

सुरतेनेही प्लेगनंतर स्वच्छतेत मोठी सुधारणा करून दाखविली. शुद्ध केलेले सांडपाणी बमरोली येथून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना २०१४ पासून पुरविले जाऊ लागले. कारखान्याने असे पाणी वापरले, की तितके गोडे पाणी नदीत राहते.

वरच्या खोऱ्यातही उदाहरणे आहेत. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चारशे हेक्टरांहून अधिक वन लोकांच्या राखणीने पुन्हा उभे केले. या कार्यात अग्रणी असलेले श्री. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनरक्षणासाठी गावाने स्वतः नियम केले आणि स्वतःच पाळले, हे त्यातील मर्म होय.

ग्रामस्थांनी ओढ्याकाठची झाडे राखावीत, शेताच्या उतारावर बांध घालावेत, ठिबक सिंचन वापरावे आणि खते-कीटकनाशके मोजून वापरावीत. कारण शेतातून सुटलेले खत अखेरीस जलपर्णीच पोसते. नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये. राष्ट्रीय जलनीती, २०१२ हिने नदीच्या परिसंस्थेसाठी प्रवाहाचा काही हिस्सा राखून ठेवण्यास सांगितले आहे. पाणीवाटपाच्या तक्त्यात पिणे, शेती आणि उद्योग यांच्या शेजारी नदीचा स्वतःचा रकाना अधिकाऱ्यांनी भरला पाहिजे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक गावात लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हावयाची असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या ओढ्यातील मासे, पक्षी, झाडे यांची नावे वृद्धांकडून विचारून त्या नोंदवहीत उतरविली, तर पुस्तकातील परिसंस्था मुलांना गावाच्या वेशीवर भेटेल.

आषाढ शुद्ध सप्तमीस तापीचा जन्मदिन साजरा होतो आणि सुरतेत तिला चुनडी अर्पण करतात. नदीस सूर्यकन्या मानणाऱ्या समाजाने तिला तिच्या मुखापर्यंत वाहू देणे, ही तिची खरी ओटी होय. मुलताईपासून निघालेल्या पाण्यातील काही वाटा सुरतेच्या खाडीत पोहोचला, तर तो वाया गेला असे समजू नये. तो वाटा पात्र स्वच्छ ठेवतो, मासळी वाढवितो, तिवरे जगवितो आणि पुराला वाट देतो. शेताला, शहराला आणि नदीला असा प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला, तरच पुढच्या पिढीला तापी नकाशावर नव्हे तर पात्रात पाहावयास मिळेल.