थेंब पडतो एकीकडे, भोक दुसरीकडे

सिरसाळ्याच्या परिसरात मृगाआधी एक काम उरकायला हवं, ते म्हणजे छप्पर तपासणं.

पत्र्याच्या घरात जिथं थेंब पडतो, तिथंच भोक असतं असं नाही. पाणी उताराने सरकत येऊन गळतं, म्हणून भोक वरच्या अंगाला शोधा. भर उन्हात दारं-खिडक्या लावून वर पाहा, उजेडाची तिरीप दिसेल. पुष्कळदा दोष स्क्रूखालच्या रबरी वायसरचा असतो. उन्हानं ते तडकतं. नुसतं डांबर थापू नका, वायसरच बदला.

स्लॅबला कठड्याच्या कडेची भेग खरवडून, धुऊन मगच भरा. माळवदावरचं गवत मुळासकट काढून पांढरी माती पसरा.

ओल विजेच्या बटणापर्यंत आली असेल तर बटणाला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा.