वकिलाविना उभे राहणाऱ्यांच्या बाजूने

आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांपैकी जे आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच आहेत आणि ज्यांनी स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लोकसेवेत उतरण्याचे ठरवले आहे, त्यांच्या निवडीचे मोल अमेरिकी कायद्यातील एक जुनी उणीव समजून घेतल्याखेरीज ध्यानात येत नाही. १८९३ मध्ये फाँग यू टिंग खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी, म्हणजे परकीय व्यक्तीची देशाबाहेर रवानगी, ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे असे ठरवले. पुढे १९६३ च्या गिडियन निकालाने गंभीर गुन्ह्यातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे हे तत्त्व प्रस्थापित केले, परंतु हद्दपारीची सुनावणी दिवाणी स्वरूपाची मानली जात असल्याने त्याचा लाभ स्थलांतरितांना मिळाला नाही. वकील देण्याची त्यांना मुभा आहे, मात्र स्वखर्चाने. समोर सरकारची बाजू मांडायला सरकारी वकील असतोच. ज्या कारवाईत एका आदेशाने घर, रोजगार आणि प्रसंगी मुलेही दुरावतात, तीत गरिबाला एकटे सोडणे हा अन्यायच आहे, मग कायद्याची परिभाषा काहीही असो.

या कारवाईची सुरुवात हजर राहण्याच्या नोटिशीने होते. तीत संबंधित व्यक्ती अमेरिकेची नागरिक नसल्याचे कथन, कायद्याचे कलम आणि सुनावणीचे ठिकाण इंग्रजीत छापलेले असते. तारीख चुकली, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. अनेक घरांत शाळकरी मूलच हा कागद आईवडिलांना वाचून दाखवते. नको त्या वयात अंगावर पडलेल्या या जबाबदारीचे कौतुक करण्याचे कारण नाही. तरीही अशा घरातून आलेल्या स्नातकाला कोणती ओळ वाचताना माणूस घाबरतो आणि कोणता प्रश्न विचारायला संकोचतो हे जितके ठाऊक असते, तितके ते ग्रंथालयात बसून कळत नाही.

वकिलीची पदवी नसली तरी हे काम करता येते, ही बाब फारशी कोणाला माहीत नसते. न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेत काम करणारा, त्याच विभागाची पूर्ण मान्यता मिळवलेला प्रतिनिधी स्थलांतर न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकतो. कर्जाची चिंताही खरी आहे, कारण पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या पगाराकडे अवघे घर डोळे लावून असते. त्यासाठी २००७ च्या कायद्याने अशी सोय केली की लोकसेवेत पूर्णवेळ काम करताना १२० पात्र मासिक हप्ते भरल्यावर उरलेले संघराज्य सरकारचे शैक्षणिक कर्ज माफ व्हावे.

गरज कुठे अधिक आहे, हे कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात दिसते. तेथील शेतमजुरांत मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून आलेली मिश्तेको भाषक कुटुंबे आहेत, आणि त्यांतील काहींना स्पॅनिश दुभाष्याचे बोलणेही पुरते उमगत नाही. आश्रयाचा अर्ज, काही अपवाद वगळता, देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत त्यांना त्यांच्याच भाषेत वेळेवर सांगणारी माणसे आजही थोडीच आहेत.