धोटा आणि गणकयंत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविण्यात गेला. संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे आपल्या मनात आल्यास त्यात वावगे नाही. कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्हीही हाच प्रश्न केला होता. परंतु विचारांती असे ध्यानात आले की, या विषयावर बोलण्याचा अधिकार इतर कोणास असो वा नसो, विणकरांच्या ज्ञातीस तो खचित आहे. कारण या यंत्राचे मूळ शोधीत गेल्यास आपण मागापाशी येऊन पोहोचतो.

फ्रान्स देशातील ल्योन हे रेशमी कापडाचे मोठे केंद्र. तेथे नक्षीचे कापड विणताना मागाशी एक पोरगा बसवीत व विणकर सांगेल त्या दोऱ्या त्याने ओढावयाच्या असत. जोसेफ मारी जकार्ड या गृहस्थाने १८०४ साली पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांची माळ मागावर चढविली. जेथे भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जावा, नसेल तेथे खालीच राहावा. एक पट्टी म्हणजे बाण्याचा एक फेरा. आमच्या वडिलांच्या मागावर ही माळ होती. लहानपणी कांड्या भरता भरता आम्ही तिच्याकडे टक लावून पाहत असू. भोक आहे किंवा नाही, होय किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांत सबंध मोर लिहिलेला आहे, हे तेव्हा आम्हांस कळले नव्हते.

इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज यांनी पुढे जे गणकयंत्र योजिले, त्यास हुकूम देण्यासाठी याच पट्ट्या घेतल्या. ते यंत्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. त्यांच्या संग्रही जकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र होते व त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीत हर्मन होलरिथ यांनी भोके पाडलेल्या पट्ट्यांवरच माणसांची मोजदाद केली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले 'टिफ्रॅक' हे यंत्र १९६० साली कामास लागले. पट्ट्या केव्हाच गेल्या. परंतु 'होय' आणि 'नाही' यांची ती लिपी आजही प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत चालू आहे.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही आपली वंचना केल्यासारखे होईल. पट्टी आली आणि नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून पुठ्ठ्यात गेली. ज्याच्या घरी पट्ट्या त्याची नक्षी. विणणारा मात्र मजुरीचा धनी. इंग्लंडात १८११ साली नॉटिंगहॅम परगण्यातील विणकरांनी यंत्रे फोडली, तेव्हा १८१२ साली त्या अपराधास देहान्त शासन ठरविण्यात आले. त्या लोकांस अडाणी म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही. त्यांचा रोष केवळ लाकडालोखंडावर नव्हता. मजुरी पाडून हलका माल काढणाऱ्या मालकांवर होता. आपल्याकडे १९०४ साली इचलकरंजीस यंत्रमाग आला व पुढे ते गाव वस्त्रनगरी झाले. हातमागास तग धरता यावा म्हणून काही वस्त्रे केवळ हातमागावरच विणावीत, असा कायदा १९८५ साली करावा लागला. तरीही २०१९-२० च्या गणनेत देशात हातमागावर व त्याच्या जोडकामांवर सुमारे ३५ लक्ष माणसे होती आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. म्हणजे यंत्र आले की हात संपलाच, असे नव्हे. हाताबरोबर विद्या राहिली की नाही, हा खरा प्रश्न होय.

या जागी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. १९८५ च्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्यास आम्हीच एका छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामावर लावून दिले. "अक्षर जुळविणारा हात कधी उपाशी राहत नाही," असे त्यास मोठ्या ऐटीत सांगितले. पाच-सहा वर्षांत तेथे संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली. खिळ्यांची खणे मोडीत निघाली आणि ऐन पंचविशीत तो मुलगा रिकाम्या हातांनी आमच्या ओटीवर येऊन बसला. "गुरुजी, आता काय?" या त्याच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्याच शेजारी उभा राहून खिळे जुळविणारा दुसरा कामगार मात्र टिकला. त्याचे शुद्धलेखन चोख होते. मजकुरातील चूक त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे. नवे यंत्र त्याने तीन महिन्यांत आत्मसात केले. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही हातचलाखी दिली, भाषा दिली नाही. त्याचा दोष यंत्रावर टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही.

आता अलीकडची हकीकत. आमची पुतणी संगणकावर साड्यांच्या नक्षी काढते. हल्ली मनातील कल्पना चार वाक्यांत लिहून दिली की यंत्र क्षणात चित्र काढून देते. तिने असाच एक देखणा मोर काढविला व आमच्या थोरल्या काकांस दाखविला. काकांचे शिक्षण दुसरी इयत्ता. त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पोरी, मोर झकास आहे, पण हा विणायचा कसा? पिसाऱ्यात धागा किती लांब मोकळा सुटलाय बघ. बांगडीत अडकेल आणि एका दिवसात ओढला जाईल. इथे, इथे आणि इथे बांधून घे." तिने तसे केले. साडी उतरली आणि चांगल्या मोलाने गेली. यंत्राने असंख्य मोर पाहिले असतील. परंतु बांगडीत अडकलेला धागा काकांनी पाहिला होता.

काका गेल्या वर्षी निवर्तले. परवा पुतणीने नवी नक्षी आम्हांस दाखविली व "भाऊकाका, हे विणता येईल का?" असे विचारले. आम्ही विणकराचे पुत्र. परंतु आम्हांस सांगता आले नाही.

मंडळापुढे सध्या एक ठराव आहे. शिक्षणनिधीतून संगणकाचा वर्ग काढावा व त्यासाठी खालच्या दालनातील जुना माग विकून जागा मोकळी करावी, असा त्याचा आशय आहे. ठरावाच्या पूर्वार्धास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. वर्ग अवश्य निघावा, आणि त्यात मुलींस प्रथम प्रवेश मिळावा. परंतु माग हलवू नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे. त्याच्याच शेजारी संगणक मांडावेत. ज्या मुलाने सकाळी पडद्यावर फूल काढले, त्याने सायंकाळी त्यातील चार बोटे तरी विणून पाहावी. आपल्या ज्ञातीत सत्तरी-ऐंशीच्या घरातील जे विणकर आज हयात आहेत, त्यांच्यापाशी आपल्या तरुणांनी जाऊन बसावे, विचारावे व टिपून घ्यावे. या कामी लेखनिकाची सेवा करण्यास आम्ही सिद्ध आहोत. शुद्धलेखन अद्याप बरे आहे.

एकदा नक्षी आपल्या हातून पट्टीत गेली, तेव्हा आपले पूर्वज गाफील होते. त्यांस कोणी सावध केले नाही. आपणांस ती सबब सांगता येणार नाही.