एकजूट : शब्द आणि व्यवहार



'सॉलिडॅरिटी' या शब्दासाठी मराठीत एकजूट, ऐक्यभाव, सहभाव असे पर्याय योजले जातात. पत्रकांतून आणि सभांतून त्याचा वापर बहुधा 'पाठिंबा' एवढ्याच अर्थाने होतो. वास्तविक या शब्दाचे मूळ कर्जाच्या व्यवहारात आहे. रोमन कायद्यात काही प्रसंगी अनेकांनी मिळून घेतलेल्या ऋणाची संपूर्ण फेड धनको त्यांच्यापैकी कोणाही एकाकडे मागू शकत असे. 'इन सॉलिडम', म्हणजे संपूर्णासाठी. या अर्थाने एकजूट म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याची जोखीम स्वतःवर घेणे होय. एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची आपल्याकडील सावड या कल्पनेच्या जवळ जाते; पाठिंबा मात्र दुरूनही देता येतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ मध्ये एकजुटीचे दोन प्रकार सांगितले. सारखे जीवन जगणाऱ्यांची ती यांत्रिक, आणि श्रमविभागणीमुळे परस्परावलंबी झालेल्यांची ती सेंद्रिय. ही व्याख्या परीक्षार्थींना पाठ असते. ती पारखून पाहावयाची तर बंगळुरूचा होसूर रस्ता पाहावा. या रस्त्यावर केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या कंपनीने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. तिच्या अलीकडे, शहराच्या बाजूस, बोम्मनहळ्ळी परिसरात तयार कपड्यांचे कारखाने असून तेथील बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. २०१० मध्ये खुला झालेला उन्नत मार्ग संगणक अभियंत्यांना खालची गर्दी टाळून थेट कार्यालयाकडे नेतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत बदल केला. नोकरी सुटल्यावर मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. वृद्धापकाळाची तरतूद टिकावी, हा हेतू गैर नव्हता. परंतु शिलाई यंत्रावरील स्त्रीला त्या वयापर्यंत काम मिळेलच याची शाश्वती नसते. मुलांचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्य यांसाठी तिच्या हाती हीच काय ती शिल्लक. १८ एप्रिल रोजी हजारो स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडून होसूर रस्त्यावर आल्या. कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेने हाक दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहराच्या इतर भागांत पसरले. दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या, पोलिसांनी लाठीमार केला. त्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही. १९ एप्रिल रोजीच केंद्राने नवा नियम मागे घेतला.

नियम केवळ कापड कामगारांसाठी नव्हता. तो निधीच्या सर्व सदस्यांना लागू होता आणि त्यांत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारीही होते. म्हणजे संपूर्ण ऋणाची फेड एका गटाने केली आणि सुटका सर्वांची झाली. रोमन कायदेपंडितांना हा व्यवहार ओळखीचा वाटला असता, फरक इतकाच की येथे उरलेल्या ऋणकोंना आपण सहऋणको आहोत याची जाणीव नव्हती. परस्परावलंबन असले की एकजूट आपोआप निपजते, हे दुर्खीम यांच्या विवेचनाचे सोपे केलेले रूप. श्रमविभागणी कधीकधी एकजूट निर्माण करीत नाही, हेही त्यांनीच नोंदविले आहे.

पुढे २०१७ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये या क्षेत्रात कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तिने त्यास जोरदार विरोध केला. कारखान्यांतील दिवस १२ तासांपर्यंत वाढविण्याची मुभा देणारे विधेयक राज्य विधिमंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्येच संमत केले होते.